आईच्या माहेरचं पाणी

माझी आई गिरगावातली. लग्न होऊन बडोद्याला आली ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरात, आणि साठ वर्षं इथलीच होऊन राहिली. शेजारच्या बेनशी ती गुजरातीतून भांडायची आणि गुजरातीतूनच तिची समजूत काढायची. पण पाण्याचा विषय निघाला की तिच्यातली गिरगावकरीण जागी व्हायची. आमच्याकडे एके काळी नळ कमी पडला की बोअरचं जड, क्षार जास्त असलेलं पाणी वापरावं लागे. त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा न् दाणा वेगळा. मग आई म्हणायची, "आमच्या विहारच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजायची!" विहार म्हणजे काय हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. एखादी विहीर असेल असं वाटायचं.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागले. एकतीस वर्षं तेच काम केलं. सकाळी नमुन्याच्या बाटल्या यायच्या, बाटलीवर चिठ्ठी: कुठली टाकी, किती वाजता भरली. गढूळपणा किती, क्लोरीन किती, जडपणा किती, जंतू आहेत का. पावसाळ्यात आमच्या आजवा तलावाचं पाणी लाल व्हायचं, तेव्हा तुरटीची मात्रा ठरवायला काचेच्या सहा भांड्यांत पाणी ढवळत बसायचो. डाळ का शिजत नाही याचं उत्तर मला नोकरी लागल्यावर मिळालं आणि मी ते आईला समजावूनही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेच तर मी सांगत होते."

आई बाबांच्या आधी गेली. त्यामुळे तिचं श्राद्ध अविधवा नवमीला. बोरिवलीला माझा मावसभाऊ राहतो. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्याची आईही अहेवपणीच गेली, म्हणून दरवर्षी त्या दिवशी तो वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर जाऊन दोघी बहिणींचं तर्पण करतो. या वेळी गणपती उठल्यावर त्याचा फोन आला. "या वर्षी तू ये. नोकरीचं कारण आता नाही. आणि गुडघे धड असतील तर तुला मावशीचं विहार दाखवतो. डोंगरावरून."

मुंबईत डोंगर आहे, डोंगरावर जंगल आहे आणि त्या जंगलात विहार तलाव आहे, हे मला कागदावर ठाऊक होतं. तरी मुंबई म्हटली की आमच्या बडोदेकर डोळ्यांपुढे समुद्रच येतो. गेटवे, चौपाटी, राणीचा हार. माझ्या आधीच्या तीन-चार मुंबई फेऱ्या लग्नकार्यांच्या होत्या आणि तेवढ्यातच आटोपल्या होत्या.

दादाने हे जूनमध्येही एकदा सुचवलं होतं, त्यामुळे तयारी पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू केली होती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी जंगलात चालायचं तर ती नीट करायलाच हवी असं माझं मत आहे. रोज सकाळी कमाटीबागेत पाऊण तास चालणं तर होतंच, ते दीड तासावर नेलं. विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबून मगरी बघायची सवय सोडावी लागली, कारण थांबलं की पाय आखडतात. डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा दिला आणि एक गोष्ट सांगितली जी फार उपयोगी पडली: चढताना दम लागतो, पण गुडघा दुखावतो तो उतरताना, म्हणून सराव उतरण्याचा करा. मग दोन रविवार पावागड केला. माचीपर्यंत गाडीने, तिथून पायऱ्यांनी वर, आणि रोपवेचा मोह टाळून पायऱ्यांनीच खाली. दुसऱ्या रविवारी वर ढग होते आणि कातळावरून पाणी वाहत होतं. विश्वामित्री याच डोंगरातून निघते. ज्या पाण्यात आपल्या घरामागे मगरी पहुडतात ते इथून येतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. पायाखालून वाहताना ते पहिल्यांदा पाहिलं.

बूट मात्र नवे घेऊ नका. मी घेतले, आणि पावागडावरच टाच सोलली. शेवटी जुने, तळव्याला नीट खाचा असलेले बूटच बरोबर नेले.

रविवारी सकाळच्या गाडीने निघाले. डब्यात थेपले, लीलो चेवडो आणि दादासाठी भाकरवडी. सुरत, वलसाड, वापी. संजाण स्टेशन गेलं तेव्हा मुद्दाम खिडकीशी सरकले. इराणातून आलेले पारशी पहिल्यांदा उतरले ते इथे, असं आपण शाळेत शिकतो. हे संजाण दोन दिवसांनी कान्हेरीच्या लेण्यांत पुन्हा भेटणार होतं. विरार सुटलं, वसईची खाडी आली आणि पुलावरून दोन्हीकडे पाणीच पाणी दिसलं. भाईंदरला खाडीकाठची मिठागरं दिसली, पावसाळ्यात नुसतीच भरलेली, चौकोनी बांधांची. सगळीकडे खारं पाणी. या शहराच्या चहूबाजूंना पाणी आहे आणि त्यातला एक थेंब पिता येत नाही, हा विचार मनात आला तो पुढचे पाच दिवस गेलाच नाही.

सोमवारी नवमी होती. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, त्यामुळे तो दिवस बाणगंगेला देणं सोयीचंच होतं. पहाटेपासून पाऊस कोसळत होता. लोकलने ग्रँट रोड, तिथून टॅक्सीने वाळकेश्वर. टॅक्सी उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत थांबली आणि पायऱ्या उतरून गेलो तर समोर एकदम मोकळं. चौकोनी मोठा तलाव, चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, काठाला दीपमाळा, देवळं, पाण्यात बदकं. मुंबईत असा तुकडा असेल असं मला वाटलं नव्हतं. शिलाहारांच्या काळात, ११२७ साली हा तलाव बांधला असं सांगतात. रामाला तहान लागली, आजूबाजूला सगळं खारं, म्हणून लक्ष्मणाने बाण मारून पाताळातली गंगा वर आणली, ही त्याची कथा. वाळूचं लिंग केलं म्हणून वाळुकेश्वर.

मला थक्क केलं ते भूगोलाने. तलावाच्या मागच्या घरांच्या ओळीपलीकडे लगेच समुद्र आहे. दगडावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज येत होता. आणि या पायऱ्यांवर गोडं पाणी. झऱ्याला मलबार हिलच्या कातळातून पाणी येतं, आणि आतून गोड्या पाण्याचा रेटा असतो म्हणून खारं पाणी आत शिरत नाही. किनाऱ्यावरच्या विहिरींतून फार उपसा झाला की हा रेटा कमी होतो आणि विहिरी खाऱ्या होतात. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळच्या गावांतून असे नमुने आमच्याकडे येत, त्यांचे आकडे मी लिहिलेले आहेत. बाणगंगा इतकी शतकं टिकली आहे.

दादा गुरुजींपुढे बसला. छत्रीखाली मी मागे उभी होते. तीळ, दर्भ, पळीतून पाणी. त्याने त्याच्या आईचं नाव आणि गोत्र उच्चारलं, मग माझ्या आईचं. ओंजळीतून पाणी खाली गेलं, वरून पाऊस पडत होता. पुढे काही लिहीत नाही.

दुपारी पाऊस उघडला तशी वहिनीने आम्हाला वर हँगिंग गार्डनला नेलं. नारळपाणी घेतलं, झाडांना कापून केलेले हत्ती-घोडे बघितले. पण या बागेखाली काय आहे हे किती जणांना माहीत असतं? खाली पाण्याची भलीमोठी टाकी आहे. १८८०-८१ च्या सुमाराला ही बाग टाकीच्या छतावर केली, पाण्याच्या रक्षणासाठी. मी जमिनीवर चप्पल काढून उभी राहिले. वहिनीला वाटलं पायात खडा गेला. जवळच झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा उंच लाकडी मार्ग नवा झाला आहे, सुमारे पाचशे मीटरचा. त्याच्या वेळा आधी ऑनलाइन ठरवाव्या लागतात. भाचीने ठरवल्या होत्या म्हणून जाता आलं. टोकाला चौपाटी दिसते. चांगला आहे, पण पुढच्या दोन दिवसांनंतर तो माझ्या आठवणीत फारसा उरला नाही.

परतताना टॅक्सी गिरगावातून गेली. आईची चाळ आता नाही, तिथे चोवीस मजली इमारत आहे. मी पाट्या वाचत होते. सी. पी. टँक. धोबीतलाव. तिकडे गोवालिया टँक. ही सगळी खरोखरच्या तलावांची नावं आहेत. एके काळी हे शहर तलाव आणि विहिरींवर जगायचं. विहारचं पाणी नळाने आल्यावर ते बुजवले गेले आणि नावं तेवढी राहिली.

मंगळवारी कान्हेरी. बोरिवली पूर्वेच्या दरवाजातून सकाळी साडेसातला आत शिरलो. लेण्यांपर्यंत सहा-साडेसहा किलोमीटर डांबरी रस्ता आहे. बस मिळते, दरवाजाशी भाड्याच्या सायकलीही मिळतात. आम्ही चाललो, दादा, भाची आणि मी. चालायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत हॉर्न ऐकू येईनासे झाले. दोन्ही बाजूंना साग, बांबूची बेटं, मध्येच भेरली माडाचे लोंबते घोस. डावीकडे कधी दूर, कधी जवळ नदी खळाळत होती. ही दहिसर नदी. तुळशी तलावाकडून निघते, जंगलातून येते, बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून जाते आणि खाडीला मिळते. आदल्या संध्याकाळी दादाच्या गच्चीवरून मी हीच नदी पाहिली होती, दोन सिमेंटच्या भिंतींमध्ये कोंडलेली, काळी. इथे तिच्या तळाचे गोटे मोजता येत होते. दादा म्हणाला, "मी लहान असताना घराजवळही अशीच होती." तो कधी उगाच हळहळत नाही. त्या दिवशी तो बराच वेळ काही बोलला नाही.

वाटेत माकडांनी भाचीच्या हातातली पिशवी ओढून नेली, थेपल्यांसकट. खाणं पाठीवरच्या पिशवीत आतच ठेवायचं, हातात काही दिसू द्यायचं नाही.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत कोरत आणलेली. म्हणजे हजार वर्षं इथे वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य आधी पाहिला. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, वीस फुटांहून उंच. भाची त्यांच्या पायाशी उभी राहिली तर तिचं डोकं गुडघ्यापर्यंतही पोचलं नाही. आत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळातल्या खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप, आणि गारवा. तिथे बसून राहावं असं वाटतं.

पण मी आले होते ती पोढ्या बघायला. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. शिलालेखांत हा शब्द आहे. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणी दान दिली, तशा पोढ्याही दान दिल्या आणि ते दगडात लिहून ठेवलं. वर चढत गेलो की जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी उजवीकडे किंवा डावीकडे चौकोनी तोंडाचं टाकं दिसतं. एका लहान लेण्यापाशी मी गुडघ्याचा पट्टा सैल करून खालीच बसले आणि नीट पाहिलं. लेण्याच्या कपाळावर, वरच्या कातळात, दोन बोटं रुंदीची पन्हळ कोरलेली होती, किंचित तिरकी. डोंगरावरून ओघळणारं पाणी दारावर न पडता त्या पन्हळीत येतं आणि कडेने खाली उतरतं. खाली टाक्याच्या तोंडाआधी ओंजळीएवढा खळगा. पाणी त्यात पडत होतं, क्षणभर थांबत होतं आणि काठावरून टाक्यात जात होतं. मी त्या खळग्यात बोट घातलं. तळाशी बारीक रेती आणि दोन कुजकी पानं. टाक्यातलं पाणी मात्र निवळ.

आमच्या निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रात हेच काम करायला केवढे मोठे हौद आहेत. पाणी संथ करायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी पुढे सोडायचं. तो खळगा त्यासाठीच कोरला होता की झिजून झाला, हे पुरातत्त्ववाल्यांनी सांगावं. माझ्या डोळ्यांना तो कोरलेला वाटला, कारण त्याचा काठ टाक्याच्या बाजूला मुद्दाम खाली घेतलेला होता. ज्याने हे केलं त्याला वाहत्या पाण्याचा स्वभाव माहीत होता. मी एकतीस वर्षं ज्या कामात घालवली त्यातलाच तो एक माणूस, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा. मला त्याच्याबद्दल फार आपलेपणा वाटला.

मग नव्वदाव्या क्रमांकाचं लेणं शोधलं. तिथे पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी इथे येऊन गेली आणि त्यांनी आपली नावं लिहून ठेवली. संजाणहून आले असतील का ते? मला तसं समजायला आवडतं. मीही त्याच बाजूने आले होते.

गुरुवारी मुख्य चालणं होतं आणि त्याचीच सर्वात जास्त धाकधूक होती. जंगलातल्या पायवाटांवर आपलं आपण शिरता येत नाही. परवानगी आणि मार्गदर्शक दोन्ही लागतात. मी एका संस्थेकडे महिनाभर आधी नाव नोंदवून पैसे भरले होते. बुधवारी रात्री साडेनऊला त्यांचा निरोप आला की माणसं कमी झाली, सहल रद्द. पैसे परत मिळाले, पण मी चारशे किलोमीटरवरून आले होते आणि शुक्रवारची परतीची तिकिटं काढलेली होती. रात्री झोप लागली नाही. दादा म्हणाला, "सकाळी उद्यानातल्या निसर्ग माहिती केंद्रात जाऊन विचारू. तोंडाने विचारल्याशिवाय काही कळत नाही." गेलो. सुदैवाने एका कॉलेजच्या मुलांचा गट उद्यानातल्या सर्वात उंच माथ्याकडे निघणार होता. मी बडोद्याहून आले आहे, पाण्याच्या खात्यात होते, मला वरून तुळशी आणि विहार बघायचं आहे, असं सगळं सांगितलं. तिथल्या बाईंनी माझ्या बुटांकडे बघितलं, गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघितलं आणि विचारलं, "उतरता येईल ना?" मी पावागड सांगितला. त्यांनी नाव लिहून घेतलं.

मार्गदर्शक उद्यानातल्याच एका पाड्यावरचा वारली मुलगा, पंचविशीचा. त्याने आधी नियम सांगितले. एका ओळीत चालायचं, मागे कुणी रेंगाळायचं नाही, कानात गाणी नाहीत, एकट्याने झाडीत वाकून बसायचं नाही. "बिबट्या आपल्याला बघतो, आपण त्याला बघत नाही," तो म्हणाला, आणि मला, "मावशी, तुम्ही माझ्या मागेच राहा."

पायवाट सुरू होताच चढ लागला. पाऊस थांबलेला, पण झाडं अजून ठिबकत होती. चिखलात एका ठिकाणी तो थांबला आणि काठीने दाखवलं. तळव्याचा एक ठसा आणि पुढे चार बोटं. नखांच्या खुणा नाहीत. कुत्र्याचं पाऊल असतं तर नखं उमटली असती. काठ अजून ढासळले नव्हते, म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचा, त्याच सकाळचा. कॉलेजची मुलं एकदम गप्प झाली. मी खाली वाकून पाहिलं. माझी मूठ ठेवली असती तर त्यात बसली असती.

पुढे कारवीचा पट्टा लागला. उंच वाळक्या काठ्या, डोक्याएवढ्या, हजारो, पानं नसलेल्या. मला वाटलं वणवा लागून गेला असावा. तो म्हणाला, "नाही मावशी, गेल्या वर्षी फुलून गेली." कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी मिळून फुलते, जांभळा डोंगर होतो, बी धरते आणि मरते. उन्हाळ्यात बोंडं वाळतात आणि पहिल्या पावसात भिजली की तडतडून बी उडतं. त्याच्या आजोबांच्या घराच्या भिंती याच काठ्यांच्या होत्या, वरून शेणामातीचा गिलावा. मी वाळक्या काठ्या हाताने बाजूला करून खाली बघितलं. पायाशी वीतभर उंचीची रोपं, हिरवी, खरखरीत पानांची, एकमेकांना चिकटून. इतकी दाट की माती दिसत नव्हती. वरून पडणारं पाणी आधी त्या काठ्यांवर, मग त्या पानांवर, मग मातीत. खाली वाहत आलेल्या ओहोळाचं पाणी मी ओंजळीत घेऊन उजेडात धरलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, तरी त्यात गढूळपणा जवळजवळ नव्हता. ज्या उताराला झाडोरा नसतो तिथलं पाणी पावसात कसं येतं ते मी लाल बाटल्यांत कितीतरी वर्षं पाहिलं आहे.

एक ओढा ओलांडताना शेवाळावरून पाय गेला आणि मी तळहातावर पडले. हात सोलवटला, गुडघा वाचला. मार्गदर्शकाने रक्त धुतलं, दादाने रुमाल बांधला. कॉलेजातली एक मुलगी तिथून पुढे माझा हात धरूनच चालली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचा अर्धा तास कातळ आणि गवत. तेरड्याची गुलाबी फुलं आणि सोनकी सगळीकडे. वर पोचलो तेव्हा ढगात काहीच दिसत नव्हतं. मी बसले, थेपला काढला, मुलांना वाटले.

वीसएक मिनिटांनी वारा सुटला आणि ढग फाटत गेला. आधी तुळशी दिसला, अगदी जवळ, चहूबाजूंनी गच्च झाडी, काठावर एक इमारत नाही. मग त्याच्या पलीकडे, दक्षिणेला, मोठा पसरट विहार, राखाडी रंगाचा. त्याच्याही पलीकडे पवई आणि उंच इमारतींचा ताटवा. मी मान वळवली तर पश्चिमेला बोरिवली, खाडी, गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी ठिपका आणि त्यापुढे समुद्राची रेघ. सगळं एकाच जागेवरून. विहारचं काम १८५६ साली सुरू होऊन १८६० साली संपलं. मुंबईला नळाने पाणी मिळालं ते तेव्हापासून. तुळशी १८७९ चा. आज एवढ्या मोठ्या शहराला या दोघांचं पाणी फारच थोडं पुरतं. बहुतेक पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा इथून, कितीतरी लांबून येतं. पण या दोन तलावांचं पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावं म्हणून इथली जमीन राखली गेली आणि पुढे ती राष्ट्रीय उद्यानात आली. शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल या शहराच्या मधोमध उभं आहे, त्यातला मोठा हिस्सा पाण्यासाठी राखलेला. मला हे तिथे, त्या कातळावर बसून कळलं, आणि माझ्या कामाबद्दल मला जेवढा अभिमान एकतीस वर्षांत वाटला नसेल तेवढा त्या क्षणी वाटला. पाणी खात्याने एक जंगल वाचवलं आहे.

"तलावात मगरी आहेत," मार्गदर्शक म्हणाला. मी त्याला सांगितलं की आमच्या शहरात नदीतच आहेत, पुलावरून दिसतात. त्याला ते खरं वाटेना. २०१९ च्या पुरात त्या आमच्या रस्त्यांवरून फिरल्या, हे सांगितल्यावर मुलं भोवती जमली.

दादा जरा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मावशी इथे कधी आली नव्हती ना?" नव्हती. गिरगावातल्या मुलीला पन्नासच्या दशकात कोण इथे आणणार? तिला नाव तेवढं माहीत होतं, आणि डाळ.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टरांचं खरं ठरलं. काठी नेली नव्हती ती चूक झाली. मार्गदर्शकाने वाटेत एक पडलेला बांबू तोडून दिला आणि तो परत जंगलातच ठेवायला सांगितलं. खाली आलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

शुक्रवारी सकाळी निघताना वहिनीने गाडीसाठी बाटली भरली. मी विकतची घेणार होते, ती म्हणाली, "कशाला? नळाचंच छान असतं." बोरिवलीच्या त्या नळाचं पाणी नेमकं कुठल्या तलावाचं हे सांगणं अवघड. वसईच्या खाडीवर गाडी आली तेव्हा बाटली उघडली. आधी वास घेतला, ती माझी सवय आहे. मग घोट घेतला. क्लोरीन अगदी बरोबर होतं. पाणी हलकं होतं. घरी पोचल्यावर त्यातलं उरलेलं पाणी पातेल्यात ओतलं आणि मूठभर तूरडाळ टाकली.